बघायला मांडलेला पलंग

"शाल आणू नका," असं बजावून सुमननं माझी बॅग बंद केली. "नारळ आणलेत तरी चालतील, बर्फी करता येते. शालींना आता कपाटात जागा नाही."

बायकोचं खरं होतं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी आमच्या सेवासंस्थेचा प्रांतपाल होतो. नाव भारदस्त, काम मात्र फिरत्या विक्रेत्याचं. बेळगावपासून बंगळूरपर्यंत संस्थेचे जेवढे क्लब, त्या प्रत्येकाला वर्षातून एकदा भेट द्यायची, हार घालून घ्यायचा, त्यांनी केलेलं काम बघायचं, चार शब्द बोलायचे आणि परत येऊन छापील अहवाल भरायचा. बेळगावात माझं लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे. ते धाकट्या भावाच्या गळ्यात टाकून मी जुलैपासून हिंडत होतो आणि आता जानेवारी उजाडला होता. टाच दुखत होती, कंबर दुखत होती, हसून हसून गालसुद्धा दुखायला लागले होते. खोटं कशाला बोलू, मला माणसांचा कंटाळा आला होता. चांगल्या माणसांचा तर जास्तच, कारण ती आग्रह करतात.

त्या अहवालात शेवटी एक रकाना असे: 'प्रांतपालांच्या भेटीमुळे क्लबला झालेला लाभ'. त्यात मी प्रत्येक वेळी 'सभासदांचा उत्साह दुणावला' असं लिहायचो. पुढे पुढे तर हे वाक्य मी गाडीतच, क्लब बघायच्या आधी लिहून ठेवायला लागलो होतो. परतीच्या प्रवासात थकव्यानं अक्षर वाईट येतं, म्हणून. बंगळूरला जाताना संध्याकाळी गाडीनं बेळगाव सोडलं आणि धारवाड यायच्या आत मी ते लिहून टाकलं.

या खेपेला मात्र बॅगेत अहवालाबरोबर एक पत्रही होतं. जयनगरमधल्या या क्लबला माझ्या आधीचे प्रांतपाल भेट देऊन आले होते. त्यांना दाखवायला म्हणून क्लबनं एका शाळेतली कोठीची खोली उघडली, तर आत काहीच नव्हतं. चार भिंती आणि एक झाडू. त्यांनी शेरा मारला: 'काम दिसले नाही.' त्यानंतर क्लबकडून मासिक अहवालही यायचे बंद झाले. तेव्हा वरच्या कार्यालयानं क्लबची सनद परत घेण्याचं पत्र टाईप करून माझ्याकडे धाडलं होतं. माझ्याही डोळ्यांना काम दिसलं नाही, तर खाली सही करायची आणि पत्र अध्यक्षांच्या हातात द्यायचं. म्हणजे क्लब बंद. क्लबवाल्यांनाही हे कळवलेलं होतं. आता सांगायला हरकत नाही, गाडीत मला वाटत होतं की बंद झाला तर बरंच, पुढच्या माणसाची एक फेरी वाचेल.

सकाळी बंगळूरला उतरलो तेव्हा हवेत गारवा होता आणि फलाटावर कॉफीचा वास होता. त्या शहराचं मला हे आवडतं, तिथं माणसाला उठल्या उठल्या घाम फुटत नाही. न्यायला दोघं आली होती. एक क्लबचे अध्यक्ष तुकोजीराव, टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, पांढरी विजार आणि काळा कोट. दुसऱ्या कार्यवाह शकूअक्का, शाळेत गणित शिकवणाऱ्या, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी काळजी.

"बन्नी, बन्नी (या, या)," तुकोजीराव म्हणाले. "प्रवास बरा झाला की? दमलात की तुम्ही."

ही मंडळी आपल्यातलीच. तीनशे-साडेतीनशे वर्षांमागे फौजेबरोबर यांचे पूर्वज इकडे आले आणि परत गेलेच नाहीत. घरात अजून मराठी बोलतात, पण तिच्यात कानडी अशी मिसळली आहे की कुठलं कुठून आलं हे त्यांनाही सांगता यायचं नाही. मला त्याचं नवल नाही. बेळगावचा माणूस दोन्ही भाषांत सारखंच भांडू शकतो.

मागून आणलेल्या एका ॲम्बेसॅडरमधून आम्ही जयनगरला निघालो. गर्दी अजून सुरू व्हायची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना भेटलेली, खाली फुलवाल्या बायका शेवंतीच्या माळा हातावर मोजून देत होत्या, पिवळ्या एसटीडी बूथचं शटर कुणी तरी वर ढकलत होतं. मी खिडकीतून बघत होतो, पण खरं म्हणजे मला कुठं तरी आडवं व्हायचं होतं.

"दहाला कार्यक्रम," तुकोजीराव पुढच्या सीटवरून वळून म्हणाले. "सगळं मांडून ठेवलंय. यंदा तुम्हाला काम दिसेल, अण्णा. सगळंच्या सगळं दिसेल."

"सातपासून आणतोय," शकूअक्का म्हणाल्या आणि एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी विचारलं नाही काय आणताय ते. खुर्च्या असतील, म्हटलं.

तुकोजीरावांच्या घरी सेट डोसा आला. सेट म्हणजे तीन मऊ डोसे, एकावर एक, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला पातळ सागू (भाज्यांचा रस्सा). मग केशरी शिरा, मग चिरोटी, मग "स्वल्प (थोडं) घ्या की" म्हणून परत डोसा. मी नको नको म्हणत सगळं खाल्लं. मग अंघोळीला कढत पाणी. बाहेर आलो तर माडीवरच्या खोलीत नव्या कापसाची गादी घातलेली आणि तिच्यावर शुभ्र चादर. त्या गादीकडे बघून माझ्यात त्राणच उरलं नाही. नऊ वाजले होते.

"अर्धा तास पडतो," मी म्हणालो.

"सरी, सरी (बरं, बरं). पडा की. तुमच्याशिवाय काय सुरू होतंय?"

मला जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. बारा वाजून गेले होते. धडपडत खाली आलो तर तुकोजीराव जिन्याच्या खालच्या पायरीवर, अंगात तोच काळा कोट घालून बसून होते.

"अहो, उठवायचं नाही का मला!"

"उठवायचं कसं? पाहुणे तुम्ही. दोनदा वर येऊन बघून गेलो. घोरत होता तुम्ही."

असा माणूस समोर असला की त्याच्यावर रागावताही येत नाही आणि स्वतःवरही धड रागावता येत नाही. मी चपला घातल्या आणि आम्ही शाळेत गेलो.

सभागृह म्हणजे शाळेचा मोठा वर्ग, बाकं काढलेला. चाळीसेक माणसं अडीच तास माझी वाट बघत बसली होती. मी आत शिरलो तशी सगळी उठून उभी राहिली. एक जण सोडून. पहिल्याच रांगेत एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला काळी टोपी, खुर्चीत ठाण मांडून बसले होते आणि माझ्याकडे बघून नुसते हात जोडत होते. सहा महिने ऊठबस बघून माझी नजर वाईट झाली होती, बघा. मला ते खटकलं. उशीर केला म्हणून हा निषेध असावा, असं मनात आलं आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

प्रार्थना झाली. चंदनाचा हार झाला. डोक्यावर म्हैसुरी पेटा (जरीकाठी पगडी) चढवला, तो कानांवरून खाली घसरला. शाल आली, हिरवी. तुकोजीरावांनी माझी ओळख करून दिली ती तीन पानांची होती आणि त्यातली निम्मी माणसं मी नव्हतो. सबंध वेळ मला दारात उभा असलेला एक माणूस दिसत होता. सत्तरीचा, लुंगी, खांद्यावर टॉवेल, कपाळाला भस्म. आत या म्हणून कुणी तरी खुणावलं, तर त्यानं मान हलवली. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या पाठीमागे, भिंतीकडे बघत होता.

"आता प्रांतपालसाहेबांनी आमचं काम बघावं," शकूअक्का म्हणाल्या.

मी वळलो. भिंतीलगत सगळं ओळीनं मांडलं होतं आणि प्रत्येकावर आकडा लिहिलेला पांढरा कागद डकवला होता. दोन लोखंडी पलंग, दवाखान्यात असतात तसे, डोक्याकडची बाजू हँडलनं वर-खाली होणारे. चाकांच्या तीन खुर्च्या. धरून चालायचे चौपायी वॉकर, कुबड्या, एक कमोडची खुर्ची, पाठ टेकायच्या दोन चौकटी. सगळं पुसून लख्ख केलेलं.

"लोकांना वापरायला देतो," तुकोजीराव सांगायला लागले. "ज्याच्या घरी आजारी माणूस असेल त्यानं न्यायचं, बरं वाटलं की आणून द्यायचं. काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही. कुठली वस्तू कुठे आहे हे शकूअक्काच्या डोक्यात."

मी मान हलवत, "वा, छान" म्हणत पुढं सरकत होतो. पण सवय वाईट. लोखंड दिसलं की माझा हात जातोच. दुसऱ्या पलंगाचं हँडल फिरवून बघावं म्हणून वाकलो, तर हँडलला जांभळ्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. नीट, घट्ट, एकावर एक फेरे घेऊन. रोज फिरवून तळहाताला घट्टे पडतात तेव्हाच माणूस अशी चिंधी बांधतो. पलंगाच्या कठड्याला दोऱ्यानं एक छोटी घंटा बांधली होती. गादीवर नवी चादर होती, पण गादीत मधोमध खळगा होता.

मी हँडल सोडलं.

"शकूअक्का," मी हळू विचारलं, "हा पलंग काल कुठे होता?"

त्यांनी तुकोजीरावांकडे पाहिलं.

"काल राहू दे. आज सकाळी सातच्या आधी कुठे होता?"

"मागच्या वेळी खोली रिकामी दिसली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "सगळं लोकांच्या घरी होतं. खोली भरलेली असेल तर ती वस्तू काय कामाची, अण्णा? पण ते साहेब म्हणाले काम दिसलं नाही. यंदा दिसलं नाही तर सनद जाणार. म्हणून सगळ्यांना सांगितलं, दोनच तास द्या, दहा ते बारा. कुणी नाही म्हणालं नाही. आपण होऊन दिलं सगळ्यांनी. टेम्पो एकच, म्हणून सातपासून आणायला लागलो."

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. काळ्या टोपीचे ते गृहस्थ अजून हात जोडून बसले होते. माझ्या पायाशी वॉकर होता, कागदावर चारचा आकडा.

"हा यांचा?"

"होय की," म्हातारेबुवा तिथूनच हसून म्हणाले. "दारापर्यंत त्यालाच धरून आलो. पुढं दोघांनी उचलून बसवलं. आता तुम्ही सोडल्याशिवाय मला उठता येत नाही."

कुणी तरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारातला माणूस आता दोन पावलं आत आला होता. मी कानडीत विचारलं, हा पलंग तुमच्याकडचा का? तो म्हणाला, हो. त्याचं नाव सुब्बण्णा. बायको आजारी, सपाट झोपवलं की तिला धाप लागते, म्हणून डोकं उंच ठेवावं लागतं. दोन तासांचं म्हणाले होते, तेवढं चालेल असं वाटलं. त्यानं आवाज चढवला नाही. "कार्यक्रम अजून स्वल्प चालणार असेल तर चालू दे," तो म्हणाला. "मी एवढंच विचारायला आलो की किती वेळ. सुनेला सांगायला."

सकाळी सातपासून. आणि मी नऊ ते बारा नव्या कापसाच्या गादीवर घोरत पडलो होतो.

"टेम्पो आहे का?" मी विचारलं.

"आहे की. पण अण्णा, तुमचं भाषण—"

"मसणात गेलं भाषण. पहिल्यांदा हा पलंग."

मी पेटा काढून टेबलावर ठेवला आणि पलंगाची एक बाजू धरली. लोखंड उचलायची मला सवय आहे, त्या दिवशी मला येण्यासारखं तेवढंच एक काम होतं. मग सगळेच उठले. कागदाचे आकडे फाडले, काळ्या टोपीच्या आजोबांना त्यांचा वॉकर दिला, खुर्च्या ज्याच्या त्याच्या घरी निघाल्या. मी, तुकोजीराव, शकूअक्का आणि सुब्बण्णा पलंग घेऊन टेम्पोच्या मागच्या बाजूला उभे राहिलो. जयनगरच्या त्या सावलीतल्या रस्त्यांवरून जाताना ती घंटा सारखी वाजत होती. सुब्बण्णानं शेवटी ती मुठीत धरली.

घर दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. पलंग दारातून आडवा करून आत घेतला आणि मी जे बघितलं ते अजून विसरलो नाही. जमिनीवर चटई होती. तिच्यावर म्हातारी बसलेली, बारीक, पांढरीफटक, तोंड उघडं ठेवून श्वास घेणारी. आणि तिच्या मागे, तिच्या पाठीला आपली पाठ लावून, सून बसली होती. पाय पुढे पसरलेले, दोन्ही हात जमिनीला रेटलेले. सकाळपासून ती आणि सासरा आळीपाळीनं असेच बसत होते. आम्ही आत आलो तरी तिनं मान वळवली नाही. वळवली असती तर म्हातारीचा तोल गेला असता.

आम्ही पलंग लावला. सुब्बण्णानं चिंधीचं हँडल फिरवलं, किती फेरे ते त्याला पाठ होतं. चौघांनी मिळून म्हातारीला उचलून निजवलं. नुसती चादर उचलल्यासारखी ती हलकी होती. जरा वेळानं तिची धाप कमी झाली. सून उठायला गेली आणि तिला उठता येईना. शकूअक्कांनी तिला धरलं आणि दोघी तिथंच भिंतीशी बसून राहिल्या. शकूअक्का तिची पाठ चोळत होत्या आणि रडत होत्या.

म्हातारीनं माझ्याकडे बोट दाखवून नवऱ्याला विचारलं, हे कोण?

"मोठे साहेब आहेत," सुब्बण्णा म्हणाला. "आपला पलंग बघायला बेळगावहून आलेत."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. घरी पाहुणा आला की आपण विचारतो तसंच तिनं विचारलं, "नोडि आय्ता?" (बघून झालं?)

मी हात जोडले. सुनेनं मात्र लंगडत जाऊन आम्हाला कॉफी केली. नको म्हणायचं धाडस कुणातच नव्हतं. गळ्यातली हिरवी शाल मी पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि निघालो.

स्टेशनवर तुकोजीराव पोचवायला आले होते. दिवसभर न विचारलेला प्रश्न त्यांनी गाडी फलाटाला लागल्यावर विचारला.

"अण्णा, आमच्या सनदेचं काय?"

"राहू दे तुमच्याकडेच. दर महिन्याला एक पोस्टकार्ड टाका. कुठली वस्तू कुणाच्या घरी आहे तेवढंच लिहा. एक गोष्ट पाळा मात्र. पुढचा प्रांतपाल येईल त्याला पलंग दाखवायचा नाही."

"मग दाखवायचं काय त्यांना?"

"रिकामी खोली."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि गाडी हलेपर्यंत सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. सुमननं बॅग उघडली, शाल नाही म्हणून खूश झाली, मग माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं?" मी सांगितलं. ऐकून तिनं बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि सून?" मला त्या सुनेचं नावसुद्धा माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

थकवा काही गेला नाही. पुढेही अनेक क्लब बाकी होते, गेलो, हार घालून घेतले, कंबर दुखतच राहिली. पण एवढं झालं की त्यानंतर कुठेही काही मांडून ठेवलेलं दिसलं की मी पहिल्यांदा विचारायचो, हे इथे आणलंत, तर तिथे आता कोण आहे?

घरी पोचलो त्या दुपारी मी अहवाल काढला. सही न केलेलं पत्र फाडून टाकलं. शिफारस म्हणून 'सनद कायम ठेवावी' असं लिहिलं. मग शेवटच्या रकान्याशी आलो. 'प्रांतपालांच्या भेटीमुळे क्लबला झालेला लाभ.' तिथं माझ्याच अक्षरात धारवाडच्या अलीकडे लिहिलेलं वाक्य होतं, उत्साह दुणावल्याचं. ते मी खोडलं आणि खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: 'एका आजारी बाईला सहा तास सुनेच्या पाठीला टेकून बसावे लागले.'